ज्याची दारं कमी, तो आधी

डावा हात यंत्राला जोडलेला असायचा, म्हणून सगळं काही उजव्या हातानं. तर्जनी उचलायची, हवेत एक आडवी रेघ ओढायची आणि हळूच म्हणायचं, ‘इल्ला.’

इल्ला म्हणजे कानडीत नाही. उदगीरकडची माणसं मराठी बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द टाकून मोकळी होतात, तसे सरही. नव्या माणसाला वाटायचं, सर माशा हाकलून राहिले. सर माशा हाकलत नसत. ते आकडे खोडत असत.

मी तेव्हा नांदेडच्या एका डायलिसिस केंद्रात इन्चार्ज सिस्टर होते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कोणाची मूत्रपिंडं गेली असतील त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रक्त बाहेर काढायचं, यंत्रातून धुवायचं, परत अंगात सोडायचं. चार तास जातात. आमच्याकडं प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा यावं लागे. एक पाळी चुकली की पाय सुजतात. दोन चुकल्या की आडवं पडून श्वास घेता येत नाही. त्यापुढं काय होतं ते सांगायला सहसा कोणी परत येत नाही.

आज माझी नात मला लाडानं ‘मऊ आजी’ म्हणते. तिनं मला तेव्हा पाहायला हवं होतं. कमरेला किल्ल्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि भिंतीवर माझा फळा. फळ्यावर लाल, निळ्या, पिवळ्या टाचण्या, प्रत्येक पेशंटची एक. कोण कोणत्या दिवशी कोणत्या पाळीला, ते सगळं त्यावर. त्या फळ्याजवळ कोणी चपला घालून गेलं तरी मी अशी बघायचे, जसा काही तो माहूरच्या गाभाऱ्यात शिरला. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे लोक पाहणीला आले की मी मुद्दाम पदरानं टाचण्या पुसत उभी राहायचे. मला वाटायचं, सगळं केंद्र त्या टाचण्यांवर टांगलेलं आहे. टांगलेलं होतंच म्हणा, पण मला वाटायचं तसं नाही.

सर आले ते लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. तिथल्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत. डायलिसिसला पाणी लई लागतं, आणि तेही गाळून गाळून शुद्ध केलेलं. त्यांच्या तिथल्या केंद्रानं पाळ्या कमी केल्या तेव्हा ते नांदेडला बहिणीकडं राहायला आले. बहिणीचं घर आमच्या केंद्राच्या मागच्याच गल्लीत. पंचेचाळिशीचा सडपातळ माणूस, केसांना चोपून तेल, गळ्यात लिंगाची चांदीची डबी.

‘शरणार्थी, अक्का,’ ते दारातूनच म्हणाले. लिंगायतांत नमस्कार असा करतात.

‘इथं सिस्टर म्हणायचं,’ मी म्हणाले.

‘बरं, अक्का.’

आणि सरळ माझ्या फळ्यापुढं जाऊन उभे राहिले. चपलांसकट.

‘या किनवटच्या मावशींपुढं काय लिहिलंय?’

‘सोमवार दुपार ते बुधवार दुपार. त्यात कधीही चालतं त्यांना.’

‘आणि टाचणी मंगळवारच्या संध्याकाळवर?’

‘सोमवार आणि बुधवारच्या मध्ये मंगळवारच येतो ना? का लातुरात काही वेगळा येतो?’

माझ्या हाताखालच्या पोरी फिसकन हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, ‘टोकं बघितली, अक्का. मधलं बघितलं का? संध्याकाळची पाळी सुटल्यावर किनवटला गाडी आहे?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून मावशी बोलल्या, ‘न्हाई ना बाई. मंगळवारी मी टेशनावरच झोपती. गुरुद्वाऱ्यात तेवढं जेवती. तुम्ही रागवाल म्हणून बोलले न्हाई.’

तुम्हाला वाटेल, मी लगेच चूक मान्य केली असेल. छे! त्या काळात मी चुका करतच नव्हते. टाचणी सैल झाल्यामुळं सरकली, असं मी ठणकावून सांगितलं आणि पोरीला नव्या टाचण्या आणायला पिटाळलं.

पुढच्या पाळीला सरांनी पोटावर लॅपटॉप घेतला. जुना, कोपरा फुटलेला. एका बोटानं टकटक करत बसले. मी दोनदा दरडावलं, तिसऱ्यांदा जवळ जाऊन बघितलं आणि तिथंच फसले.

‘सोमवार सकाळ एक, दुपार दोन, संध्याकाळ तीन,’ सर सांगायला लागले. ‘मंगळवारचे चार, पाच, सहा. बुधवारचे सात, आठ, नऊ. जो सोमवारी आला तो गुरुवारी त्याच पाळीला परत येणार, मंगळवारचा शुक्रवारी, बुधवारचा शनिवारी. म्हणून नऊच आकडे पुरे. आता प्रत्येक माणूस म्हणजे एक रिकामी चौकट. तिच्यात नऊपैकी एकच आकडा बसणार. कोणता ते आज माहीत नाही. पण कोणता बसूच शकत नाही ते आधी काढता येतं. खोडून जे आकडे उरतात त्याला पुस्तकात डोमेन म्हणतात. आपण दारं म्हणू. माणूस नऊ दारं घेऊन येतो, अक्का. आपण एकेक बंद करत जायचं.’

मग हवेत बोट. मावशींची गाडी नांदेडला पोचते तोवर सकाळची पाळी सुरू झालेली. एक, चार, सात, इल्ला. संध्याकाळी परतीची गाडी नाही. तीन, सहा, नऊ, इल्ला. उरले दोन, पाच, आठ.

‘दोन ते आठ नव्हे,’ ते म्हणाले. ‘दोन, पाच आणि आठ. मध्ये भोकं आहेत. माणसं भोकांतनं पडतात.’

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी उगाचच मावशींच्या नळ्या तपासून आले.

कंधारकडचे एक आजोबा होते, तोंडाचे मोकळे. ‘मला कधीबी चालतंय. रिकामा मानूस हाय मी,’ असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. माझ्या फळ्यावर त्यांच्यापुढं मोठ्ठं ‘कधीही’ लिहिलेलं. आणि कधीही म्हणणाऱ्याला आपण कसं वागवतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. जिथं अडलं तिथं आजोबांची टाचणी.

सरांनी शेजारच्या खुर्चीतून त्यांची उलटतपासणी घेतली.

‘आजोबा, सकाळी बस मिळते?’

‘मिळती की. कंधारहून.’

‘गावातून कंधारला कसे येता?’

‘पोरगा सोडतो गाडीवर. दूध घालून आला की.’

‘मग सकाळची पाळी गाठता?’

‘गाठतो म्हणजे... धावतपळत. दोनदा न्हाई गाठली.’

‘इल्ला,’ सर म्हणाले. ‘आणि संध्याकाळी?’

‘संध्याकाळी दिसतंय कुठं मला? परवा बशीतून भलत्याच गावाला उतरलो.’

‘इल्ला. सोमवारी दुपारी?’

‘सोमवारी पोरगा बाजाराला. त्यो दिवस सोडून बोला.’

‘इल्ला. पाच आणि आठ. दोनच दारं उरली तुमची.’

आजोबा थक्क. ‘आरं देवा! म्हंजे मी लई कामाचा मानूस हाय की! घरी कुनी बोललं न्हाई.’

सगळी खोली हसली. सर माझ्याकडं बघून हलक्या आवाजात म्हणाले, ‘जो कधीही म्हणतो त्याची दारं नीट बघावी, अक्का. तो भिडेपोटी बोलतो.’

प्रोग्राम तयार झाला तेव्हा मी फळ्यावरच्या टाचण्या काढल्या. रडत नव्हते, पण पोरींनी मला चहा आणून दिला. सरांनी मला रविवारी तो चालवायला शिकवलं. एक अट सगळ्यांना सारखी: एका पाळीला यंत्रं जेवढी, माणसं तेवढीच. आणि तीच अट खरी जीवघेणी. समजा मंगळवार दुपारच्या सगळ्या खुर्च्या अशा लोकांनी भरल्या की ज्यांना तेवढं एकच दार आहे. मग पाच हा आकडा बाकी सगळ्यांच्या नावापुढून खोडला जातो. तो खोडला की आणखी कोणाला एकच आकडा उरतो. त्याचा तो ठरला की पुढच्या कोणाचा जातो. पडद्यावर आकडे असे एकामागून एक विझताना मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला चुलीतल्या ठिणग्या आठवल्या नाहीत की दिवाळीतले दिवे आठवले नाहीत. एखाद्या मोठ्या घरात कोणीतरी आतून एकेक कडी लावत येतंय असं वाटलं. आवाज मात्र नाही.

‘आता बसवायचं कोणाला आधी?’ मी विचारलं. माझ्या काळात जो आरडाओरडा करेल तो आधी बसायचा.

‘ज्याची दारं कमी, तो आधी,’ सर म्हणाले. ‘त्याला थांबवलं तर त्याचं राहिलेलं दारही दुसरा अडवेल. ज्याला पुष्कळ दारं आहेत त्यानं शेवटी बसावं. त्याला कुठंतरी जागा मिळतेच.’

‘आणि नाही मिळाली तर?’

‘तर त्याच्यापुढं एकही आकडा उरत नाही. प्रोग्राम म्हणतो, उत्तर नाही.’

तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं. त्यातलं ‘शेवटी’ कोणाच्या वाट्याला येणार हे मी विचारलं नाही. सरांनी विचारलं असणार, कारण सर आमच्या मागच्याच गल्लीत राहत होते, आणि त्यांची नऊच्या नऊ दारं उघडी होती.

एकदा आजोबांनी चेष्टेत विचारलं, ‘सर, एवढं सगळ्यायचं काढता, माझं मरन कोनच्या दारात हाय ते तेवढं बघा की.’

‘त्याला प्रोग्राम लागत नाही, आजोबा,’ सर म्हणाले. ‘तिथं सगळीच दारं उघडी.’

आजोबा हसायचे थांबले. मग दोघंही परत हसले, पण जरा उशिरानं.

मे महिना लागला आणि नदीचं पात्र ओसाड पडलं. आमची टाकी पूर्वी नळानं भरायची, मग टँकरनं भरायला लागली. आमच्या पेशंटांना पाणी मोजून प्यावं लागतं, घोट घोट. आजोबा म्हणाले, ‘आमाला पानी प्यायची मनाई, आन् आमच्या मशिनीला प्यायला पानी न्हाई. चांगली जोडी जमली.’ हसलो. त्याच आठवड्यात संस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला: संध्याकाळची पाळी बंद.

सर तेव्हा खुर्चीवर होते. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि बोट उचललं. ‘तीन. सहा. नऊ.’ तीन रेघा. ‘इल्ला’ म्हणाले नाहीत. 

संध्याकाळच्या पाळ्या तशा निम्म्या रिकाम्याच असायच्या, बाहेरगावचे लोक त्यात येत नसत. तिथली नांदेडची माणसं दिवसाच्या पाळ्यांत सुट्या सुट्या पडलेल्या खुर्च्यांवर बसवली. एकेक करत खुर्च्या भरत गेल्या, सहा पाळ्यांत मिळून पाचच उरल्या. मग एका यंत्राचा पंप गेला, आणि त्याबरोबर सहाही पाळ्यांतली एकेक जागा. हैदराबादहून माणूस आला, मान हलवून गेला. त्या रविवारी मी प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर पहिल्यांदा आलं: उत्तर नाही.

एक माणूस जास्त होत होता. फक्त एक.

‘कोण?’ मी सरांना विचारलं. ‘कोण जास्त होतंय?’

‘ते गणित सांगत नाही, अक्का. ते एवढंच सांगतं की सगळे बसत नाहीत. रिकामं कोण राहणार, ते आपण कोणापासून सुरुवात करतो त्यावर आहे.’

आणि सुरुवात कोणापासून, ते ठरलेलंच होतं. ज्याची दारं कमी, तो आधी. प्रोग्राम त्या क्रमानं एकेकाला बसवत गेला, आजोबा, मावशी, मग बाकीचे. शेवटून दुसरी आली सिडकोतली एक शिवणकाम करणारी पोरगी. बुधवारी दुपारी तिचं तान्हं सांभाळायला कोणी नसायचं, म्हणून तिची पाच दारं होती. सर्वांत शेवटी सहा दारांचा माणूस. त्याच्यापर्यंत येईतो सहाही बंद.

‘आळीपाळीनं चुकवू,’ मी म्हणाले. ‘दर आठवड्याला वेगळ्यानं एक पाळी सोडायची.’

‘आजोबांना विचारा, दोनदा चुकली तेव्हा काय झालं होतं,’ सर म्हणाले. ‘माझी अजून थोडी लघवी होते. मी इतरांपेक्षा जास्त तग धरीन. बाहेर बाकावर बसतो. कोणी आलं नाही तर त्याच्या जागी घ्या.’

गावातल्या दुसऱ्या केंद्रांत मी हात जोडून आले. सगळीकडं पाण्याची तीच रड आणि दाराशी तशीच रांग. आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. त्यांनी सरांचे कागद बघितले आणि ‘काही दिवस जमेल’ म्हणाले. काही म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

तसे सर रोज सकाळी येऊन बाकावर बसायला लागले. आत यंत्रांचा घुरघुराट, बाहेर सर. कोणाची बस चुकली, कोणाच्या घरी लग्न निघालं की मी दारात जाऊन म्हणायचे, ‘सर, चला.’ ते लगेच उठत नसत. ‘येईल अजून,’ म्हणायचे. ‘त्याला हेच एक दार आहे.’ पाळीची वेळ पार टळली की मगच आत येत. खुर्चीत बसताना ज्याची ती खुर्ची, त्याचं नाव घेऊन ‘शरणार्थी’ म्हणत. एकदा मला म्हणाले, ‘अक्का, मी रोज इथं बसून कोणीतरी येऊ नये याची वाट बघतो. हे फार वाईट काम आहे.’

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. दर रविवारी पहिली फेरी सगळ्या नावांसकट चालवायची, तिचा कागद व्यवस्थापकांना पाठवायचा. त्यावर एवढंच असायचं: उत्तर नाही. नंतर दुसरी फेरी, क्रमानं बसवायची, कामचलाऊ.

‘एक टँकर वाढवला तर संध्याकाळची पाळी होते,’ ते म्हणायचे. ‘हे त्यांना दर आठवड्याला दिसलं पाहिजे. पहिल्या फेरीतून माझं नाव काढाल तर सगळं ठीक आहे असं दिसेल.’

व्यवस्थापकांचा दर सोमवारी फोन यायचा. गोड माणूस, आवाज चढवत नसे. ‘सिस्टर, परत तेच आलंय. तो प्रोग्राम बिघडलाय. जरा दुरुस्त करून घ्या ना सरांकडून.’

आता माझी करामत ऐका. मला तिची आजही लाज वाटत नाही. एका रविवारी मी एकटीच लॅपटॉपपुढं बसले आणि सरांच्या नावापुढं अट घातली: मुक्काम उदगीर, सकाळी पोचू शकत नाहीत, बुधवारी मोकळे नाहीत. झाली दारं दोन! आजोबांच्या बरोबरीचे झाले. कळ दाबली. सर पहिल्या झटक्यात बसले, मंगळवार दुपार. मी एवढी खूश झाले की स्वतःलाच म्हणाले, ‘बाई, तुझ्यासारखी तूच.’ चष्मा पुसला. मग खालची ओळ वाचली. जागा न उरलेल्याचं नाव तिथं यायचं. तिथं त्या शिवणकामवाल्या पोरीचं नाव होतं.

सोमवारी सरांनी कागद हातात घेतला, वरून खाली एकदा बघितलं.

‘अक्का, मी उदगीरहून येऊन राहिलो का?’

‘जाऊन या की एकदा,’ मी म्हणाले. ‘हवा बरी आहे तिकडची.’

ते हसले. चेहरा सुजायला लागला होता, हसणं डोळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. ‘खोटी अट घातली तरी प्रोग्राम उत्तर बरोबरच देतो. हाच त्याचा दोष.’ आणि पोरीकडं बघितलं. ती आत खुर्चीवर बसून परिचारिकेला ब्लाउजच्या गळ्याची नवी तऱ्हा हातानं दाखवून राहिली होती, मोठमोठ्यानं. तिला काहीच माहीत नव्हतं.

‘सांगा तिला तुम्ही,’ सर म्हणाले.

मी सांगितलं नाही. उदगीर खोडलं.

नंतरचा आठवडा आला तो असा की सगळे आले. एरवी कोणी ना कोणी चुकायचंच. त्या आठवड्यात कोणाची बस चुकली नाही, कोणाकडं लग्न नव्हतं, किनवटची गाडी वेळेच्या आधी. आजोबा तर नवं धोतर नेसून आले. ‘सिस्टर, आज बगा कसा टायमात!’ एरवी मी शाबासकी दिली असती. सोमवारी मी दारात जाऊन सरांना ‘नाही’ म्हणून मान हलवली. मंगळवारीही. बुधवारी मी दारात गेलेच नाही, खिडकीतून बघितलं. ते भिंतीला टेकून ताठ बसले होते, कारण आता आडवं होऊन श्वास घेता येत नव्हता.

गुरुवारी मी डॉक्टरांना फोन केला. दुपारची पाळी अर्ध्या तासानं आखडायची आणि मागून सरांना घ्यायचं ठरलं. आजोबांची त्या दिवशी पाळी नव्हती, तरी त्यांच्यापर्यंत बातमी गेली कशी कोण जाणे, त्यांनी गावाहून फोन करून सांगितलं, ‘उद्या माजा पन तास कापा.’ पाळी संपली. सरांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं, सुई हातात घेतली, आणि शुद्ध पाण्याच्या यंत्राची शिट्टी वाजायला लागली. हाताखालची एक पोरगी गच्चीवर पळाली. वरून ओरडली, ‘सिस्टर, तळ दिसतोय!’

दोन टँकरवाल्यांना फोन लावले. दोघांनी उद्या सांगितलं.

रिक्षातून सरांना मोठ्या दवाखान्यात नेलं. पुढं त्यांची ताई, मागं मी. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. ‘पोरीला खालच्या ओळीत आणू नका,’ म्हणाले. दवाखान्यात प्राणवायू लावला. यंत्र मोकळं व्हायचं होतं. ते मोकळं झालं तेव्हा नर्सनं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं. आमच्या धंद्यात तेवढं पुरतं.

त्यांच्या समाजात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. ताईच्या घरी त्यांना भिंतीशी बसवलेलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, हारातून चांदीची डबी दिसत होती. ताई मला बघून म्हणाली, ‘सिस्टर, हा रोज म्हणायचा, आज जागा होईल बघ.’ मी पुढं झाले आणि सवयीनं दोन बोटं त्यांच्या डाव्या मनगटावर ठेवली. डायलिसिसवाल्यांच्या हातात शीर आणि धमनी जोडलेली असते. बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. रोज किती हातांवर मी असं बोट ठेवत असेन. बायका माझ्याकडं बघायला लागल्या तेव्हा बोटं उचलली.

गाडी उदगीरला गेली. मी गेले नाही. शुक्रवार होता, आणि दुपारची पाळी लावायची होती.

लॅपटॉप माझ्याकडंच राहिला होता. रविवारी तो उघडला. यादीतून सरांचं नाव काढलं. मग पहिली फेरी लावली, सगळ्या नावांसकट. आकडे विझत गेले, विझत गेले आणि थांबले. प्रत्येकाच्या नावापुढं एकेक आकडा उभा. आजोबा पाच. मावशी दोन. पोरगी सात. खालची ओळ रिकामी. तो कागद मी नेहमीसारखा व्यवस्थापकांना पाठवला.

सोमवारी सकाळी फोन आला. ‘सिस्टर, अभिनंदन! आलं की उत्तर. झाला ना शेवटी दुरुस्त?’

आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मी फोन धरून बाहेरच्या बाकाकडं बघत उभी राहिले.

‘हॅलो? काय केलं नेमकं?’ त्यांनी विचारलं.

‘एक नाव कमी झालं,’ मी म्हणाले.

‘बघा!’ ते म्हणाले. ‘एवढंच तर होतं.’